सुजाता आणि तिची न आकसणारी फिल्म

सुजाता गेली. सकाळी, डायलिसिसला निघताना, दारात चप्पल घालता घालता.

मी घाटावरून येऊन आंघोळ केली आणि बसलेय. डोकं चालत नाही. आमचे लॅबवाले सगळे बाहेरगावी. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगायचं त्राण नाही.
म्हणून एकदाच लिहिते.

सुजाता नेसरीची. घरी शेती, म्हशी. कोल्हापुरात पीएचडीला आम्ही दोघी एकाच सरांकडे होतो.

तिचा विषय होता प्रकाशाने बदलणारं पॉलिमर. म्हणजे प्लास्टिकचीच पातळ फिल्म, पण लेझर पडला की आतून बदलणारी. त्या बदलात माहिती साठवायची, आणि पुन्हा लेझर टाकून वाचायची.
सीडीसारखंच. फक्त वरवर नाही, फिल्मच्या अख्ख्या जाडीत.

काम अंधाऱ्या खोलीत, मिणमिणत्या लाल दिव्यात. टेबल जरा हादरलं की लिहिलेलं पुसट.
आणि बाहेर रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर, मोठ्यानं गाणी लावून.

"जाऊ दे त्येला पुढं," ती म्हणायची. "तवर आपण च्या पिऊन येऊ की."

पहिला फोटो तिने आण्णांचा साठवला. आण्णा म्हणजे तिचे वडील.
वाचला तर नाक वाकडं.

सगळं दुखणं तेच होतं. प्रकाश पडला की फिल्म आकसायची आणि आत लिहिलेलं जागचं सरकायचं.

त्यात तिची वर्षं गेली. मिसळा, ओता, वाळवा. पावसाळ्यात फिल्म दमट व्हायच्या, त्या फेका. पुन्हा मिसळा.

मधेच किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस. मधल्या दिवशी लॅब.

"घरी झोप गं जरा," मी म्हणायचे.
"झोपून काय करू? छताचं पत्रं मोजत बसू व्हय?"

शेवटी तिने क्रमच बदलला. आधी फिल्मची जाळी पक्की करून घ्यायची आणि प्रकाशाने बदलणारा भाग त्या जाळीच्या पोकळ्यांत ठेवायचा. मग लेझर पडला तरी जाळी फिल्मला आकसू देत नाही.

आण्णांचं नाक सरळ आलं.

मी तिला मिठी मारली. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दमलो गं मी."

त्याच सुमाराला, आमच्याशी बोलणी करणाऱ्या कंपनीचा मेल आला. आता इंटरेस्ट नाही. डिस्क कोण घेतंय, सगळं क्लाउडवर.

सर तिला म्हणाले, "सुजाता, तब्येत बघ. काम इथंच थांबवलंस तरी चालेल."
"न्हाय सर. लिहून पुरं करतो."

केलं. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हे आता वापरणार कोण?"

"माहीत नाही सर." त्या दिवशी ती अगदी जपून, पुस्तकातलं मराठी बोलत होती. "साठवलेलं जसंच्या तसं परत येतं, एवढं मी दाखवलंय."

पदवी मिळाली. नोकरी नाही मिळाली. एक दिवसाआड सुट्टी कोण देणार? खोलीवरच बारावीच्या केमिस्ट्रीच्या ट्यूशन घ्यायची. लॅबचा विषय मी काढला तर म्हणायची, "राहू दे गं." मग मीही काढायची बंद झाले.

आज घाटावर सगळं उरकल्यावर आण्णा माझ्यापाशी आले.

"पोरी, तू तिच्यासंगट हुतीस. खरं काय ते सांग. तिचं काम पुरं झालतं, का अर्धंच ऱ्हायलं?"

"पुरं झालं होतं, आण्णा."

"म्हंजी, चालत हुतं?"

"चालत होतं."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

"कुणी न्हेलं न्हाय, ती गोष्ट येगळी," ते म्हणाले. "खरं चालत हुतं न्हवं. मी भावकीला तसंच सांगतो."

मग टॉवेलनं तोंड पुसलं आणि पुतण्याला गाडी काढायला सांगितली. नेसरीला पोचून म्हशींच्या धारा काढायच्या होत्या.

मला अजून रडू आलेलं नाही. बहुतेक उद्या येईल.

डॉक्टर सुजाता, नीट जा.
तुझ्या लॅबकडून तुला शेवटचा नमस्कार.