पातेलं सोडून पाच किलो

सुहासिनी रामटेके यांनी चौतीस वर्षं वजनं केली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जाड भिंतींच्या एका लांब खोलीत, सुती कोट घालून आणि बांगड्या घरी काढून ठेवून. तिथे कुणी एकट्याने वजन करत नसे. एकीने काट्यावर ठेवून आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसरीने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच पुन्हा म्हणायचा, मग वहीत लिहायचा. एवढ्या वर्षांत त्यांच्या आकड्याखाली कधी लाल रेघ आली नाही. हे त्या स्वतः सांगत नसत. त्यांचे पती संभाजीराव सांगत. ते त्याच कारखान्यात ट्रक चालवायचे, आणि भंडाऱ्याहून पुण्याला येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोलायचे तिकडचंच.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि ते बोपोडीत मुलाकडे, केदारकडे राहायला आले. जवळच्या विहारात एकदा बायकांना लिक्विड साबण शिकवायला एक बाई आल्या होत्या. शेंगतेल, खोबरेल आणि कॉस्टिक पोटॅशचं पाणी एकत्र करून मंद आचेवर घोटायचं, त्याचा मुरंब्यासारखा लगदा होतो, मग त्यात पाणी घालून पातळ करायचं. लगदा एक भाग, पाणी दोन भाग. बाकीच्या बायकांनी ते ऐकलं आणि घरी गेल्या. सुहासिनीबाईंनी वही आणली.

पहिली खेप सुरेख झाली. बाटली तिरकी केली की साबण पातळ मधासारखा सावकाश यायचा. बाटलीमागे बोटं धरली तर आरपार दिसत. त्यांनी तो साऱ्या मजल्यांवर वाटला.

दुसऱ्या खेपेला सकाळी भांड्यावर साय धरली होती. जाड, सुरकुतलेली. चमच्याने ढकलली तर सगळी एकदम हलली. तिसरी खेप तर पाण्यासारखी. तळमजल्यावरच्या काकू बाटली परत द्यायला वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सुहासिनीताई, हा साबण आहे, की साबणाची आठवण?"

सुहासिनीबाई हसल्या. दार लावल्यावर मात्र तिन्ही खेपांची मापं मनात पुन्हा मोजली.

माप तेच होतं. तेल सातशे आणि तीनशे, पोटॅश दोनशे तेहतीस, त्याचं पाणी सातशे. लगद्याला पाणी दुप्पट. तिन्ही वेळा तेच, आणि तिन्ही वेळा साबण वेगळा. मग चूक कुठे असणार? काटा नवा होता. उरला वजन करणारा माणूस.

त्यांची आई भंडाऱ्याला वारली तेव्हा कुणालाच ओळखत नव्हती. त्याची सुरुवात पोळ्यांच्या मोजण्यापासून झाली होती. आठ माणसांना अकरा पोळ्या, मग पाच. सगळे हसायचे. तेव्हा आई बासष्ट वर्षांची होती. सुहासिनीबाईंना याच श्रावणात बासष्ट वर्षं पूर्ण झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज सुनेसमोर ठेवली. संभाजीरावांना अकरा वर्षं रोज दोन वेळा इन्सुलिन लागे आणि ते त्याच भरत. सकाळी अठरा युनिट, रात्री बारा.

"कल्याणी, आजपासून तू दे."

"मी? आई, मला सुई बघूनच कसंतरी होतं."

"शीक. मोजून भर, आणि भरलं की मला दाखवू नको. केदारला दाखव."

कल्याणी हडपसरच्या पलीकडची, मांजरीची. घरातून डबे द्यायची, सकाळी साताला तिच्या स्वयंपाकघरात तीन शेगड्या पेटलेल्या असत. सासूबाईंच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून तिने आणखी विचारलं नाही. हात पुसून सिरिंज घेतली. संभाजीरावांनी पोटावरचा सदरा वर केला आणि डोळे मिटले.

"अव, टोचतं की नांगरतं?" ते ओरडले.

आठ दिवस असेच गेले. सुहासिनीबाई साबणाकडे वळल्या नाहीत. आमटीत मीठ टाकलं की चमचा हातात धरून थांबत आणि कल्याणीला विचारत, टाकलं ना मी? संभाजीरावांनी शेवटी विषय काढलाच.

"काऊन व, माझं इंजेक्शन काऊन सोडलं?"

"तीन खेपा बिघडल्या. मी चुकीचं वजन करतेय. तुम्हाला कळतंय ना, अठराच्या जागी अठ्ठावीस भरलं तर काय होईल?"

"तीन नाही, दोन. अन् दर वेळी आकडा कोण वाचत होतं तुझ्यासंगं? मीच ना? तू म्हणे दोनशे तेहतीस, मी चष्मा लावून पाहून म्हणे दोनशे तेहतीस. मंग माझंबी डोकं गेलं म्हण ना बाप्पा!"

त्यांनी वही काढली.

रविवारी कल्याणीकडे वीस माणसांच्या बासुंदीची ऑर्डर होती. सकाळपासून सहा लिटर दूध मंद आचेवर होतं, आणि ती एका हाताने उलथनं फिरवत दुसऱ्या हाताने वेलदोडे सोलत होती. सुहासिनीबाई समोर वही उघडून बसल्या होत्या.

"आई, लगदा किती झाला होता?"

"पाचशे पाचशे घेतला. काटा दोन किलोचा आहे, म्हणून भागाभागाने."

"घेतला नाही हो. झाला किती, सगळा मिळून?"

"घातलं तेवढाच होणार ना. एक हजार नऊशे तेहतीस."

कल्याणीचं उलथनं थांबलं. "आई, सहा लिटर दूध घातलंय मी. इकडं या अन् बघा किती हाय."

पातेल्याच्या कडेला दुधाची खूण वर राहिली होती आणि दूध खाली गेलं होतं. सुहासिनीबाई त्या दोन्हींमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या.

"दुसऱ्या वेळी तुम्ही माझं पसरट पातेलं घेतलं होतं," कल्याणी म्हणाली. "मला उसळीला भांडं उरलं नव्हतं, म्हणून ध्यानात हाय. अन् तिसऱ्या वेळी खोलीत वाफ नको म्हणून झाकण ठेवलंत."

कारखान्यातल्या त्या लांब खोलीत कधी आग नव्हती. काडेपेटी फाटकावरच काढून घ्यायचे. तिथे सकाळी जे वजन केलं ते संध्याकाळीही तेवढंच भरे, उद्याही आणि परवाही. चौतीस वर्षं त्या अशा जगात वावरल्या होत्या जिथे काही आटत नव्हतं. आणि मग त्यांनी भांडं गॅसवर ठेवलं होतं.

त्यांनी वहीत बोट फिरवलं. सगळं लिहिलेलं होतं, फक्त बेरीज कुणी केली नव्हती. पहिली खेप: पाचशे, पाचशे, पाचशे आणि शेवटी एकशे सदुसष्ट. दुसरी: पाचशे, पाचशे, चारशे तीस. तिसरी: तीनदा पाचशे आणि वर तीनशे साठ. एकाच सामानाचा लगदा, पण कधी जास्त आटलेला, कधी कमी. आटलेल्यात साबण दाट बसला होता, त्याला दुप्पट पाणी अपुरं पडलं. झाकलेल्यात आधीच पाणी होतं, त्यावर आणखी दुप्पट.

"मग आता पाण्याचं माप काय धरायचं?" कल्याणीने विचारलं.

"धरायचंच नाही," सुहासिनीबाई हळूहळू म्हणाल्या. "उडतं ते पाणीच. तेल उडत नाही, पोटॅश उडत नाही. मग लगदा किती उरला ते विचारायचंच कशाला? शेवट मोजायचा. पहिली खेप चांगली होती. लगदा एक हजार सहाशे सदुसष्ट, पाणी त्याच्या दुप्पट, मिळून..." त्यांनी पेन्सिल टेकवली. "पाच हजार एक."

"तो एक ग्रॅम सोडा की."

"सोडला. पण लिहिते."

त्यांनी कल्याणीचा डब्यांचा दहा किलोचा काटा मागितला. पातेल्यांची रिकामी वजनं केली, कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून कानांना चिकटवली. सोमवारी दोन खेपा मुद्दाम वेगळ्या शिजवल्या, एक पसरट पातेल्यात उघडी, एक झाकण ठेवून. मग दोन्हींत उकळून निववलेलं पाणी घातलं, पातेलं सोडून पाच किलो भरेपर्यंत. एकीत जास्त गेलं, दुसरीत कमी. किती गेलं ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी सहाला त्यांनी दोन्ही झाकणं उघडली. साय नव्हती. दोन वाट्यांत दोन्ही साबण काढले, खिडकीत धरले, पुन्हा धरले, वाट्यांची अदलाबदल केली. कुठली कोणती ते त्यांना सांगता येईना.

संभाजीराव खुर्चीत बसून सदरा वर करत होते. कल्याणी फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढत होती.

"आण इकडे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी हात धुतले, चांगले कोपरापर्यंत. बाटली तळव्यांत हलकी फिरवली, सिरिंज भरली, उजेडासमोर धरली. बोटाने टिचकी मारून एक बुडबुडा काढला. अठराच्या रेघेवर दट्ट्या थांबला.

"झालं का?" संभाजीरावांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"केव्हाच."