आयोगाला कोण नेमतं?

सूर्यसुद्धा कुणाच्या तरी ओळखीनेच उगवत असावा, अशी आमच्या शेजारच्या चाचांची पक्की समजूत होती. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, नोकरी हमरिया फ्री झोनमध्ये, बिऱ्हाड शारजात आमच्याच मजल्यावर. मुलाला शाळेत प्रवेश हवाय? चाचांच्या ओळखीचा माणूस आहे. एसी बिघडलाय? आहे. एकदा मला साधी शिंक आली, तर "थांब, अजमानला माझा एक डॉक्टर आहे," म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला. फोन लागला की "हबीबी, आपलाच माणूस पाठवतोय" एवढंच बोलायचे. मग खलास, काम झालं!

असल्या माणसाच्या मुलीने न्यायाधीश व्हायचं ठरवलं, आणि तेही ब्रिटनमध्ये. शारजात वाढलेली ही मुलगी तिकडे बरीच वर्षं वकिली करत होती. चाचांनी लगेच मोहीम उघडली. लेस्टरमधल्या एका दूरच्या मेहुण्याला कामाला लावलं. दुबईत जबल अली बंदराच्या एका गोदामात इंग्रज मॅनेजर भेटला, तर मालाचं बोलणं बाजूला ठेवून त्यालाच विचारलं, "तुमच्याकडे जज कोण नेमतं?"

"स्वतंत्र आयोग निवडतो. अर्ज, परीक्षा, मुलाखत."

"ते ठीक. पण आयोगाला कोण नेमतं?"

मॅनेजर हसला, पण चाचा खरंच उत्तराची वाट बघत होते. पुढे कुठेतरी त्यांना कळलं, की तिथल्या वरिष्ठ सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, बरेचसे लोक पंतप्रधानांच्या शिफारशीने जातात आणि राजा त्यांना नेमतो. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे अक्षरशः उजळलेल्या चेहऱ्याने आले. "अरे, हे बघ! शिफारस! म्हणजे तो देश अगदीच वाया गेलेला नाही. मी हिला सांगतो, जज कशाला होतेस, सरळ लॉर्ड हो."

मुलगी फोनवर म्हणाली, "अब्बा, प्लीज. डोन्ट कॉल एनीवन."

पहिल्या खेपेला तिची निवड झाली नाही. आपलंच खरं ठरलं म्हणून चाचांना केवढा धीर आला! "बघ, एक फोन करू दिला असतास तर?" त्यावर ती इंग्रजी सोडून एकदम मराठीत बोलली. "अब्बा, फोनवर मिळालेल्या खुर्चीत बसून मी लोकांचा न्याय कोणत्या तोंडाने करू?"

चाचांनी फोन ठेवून दिला. पुढे कित्येक दिवस लिफ्टमध्ये भेटले तरी नुसती मान हलवायचे. मी धास्तावलो. चाचा कुणाला ओळख देत नाहीत म्हणजे तब्येतच बिघडली असणार, असं वाटलं.

तिने पुन्हा अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी चाचांनी आपला फोन चाचींच्या हातात दिला आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मला देऊ नकोस, मागितला तरी." चार वेळा मागितला. चाचींनी दिला नाही.

तिची निवड झाली. बातमी सांगायला तिने फोन केला, तेव्हा मी तिथेच होतो. चाचांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. हळूच विचारलं, "कुणीच शब्द टाकला नव्हता ना?"

"कुणीच नाही, अब्बा."

चाचा चष्मा पुसत बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले.

शपथविधीला जायचं म्हणून त्यांना व्हिसा सेंटरवर मी घेऊन गेलो. आत शिरताच तिथला एक पोरगा ओळखीचं हसून म्हणाला, "चाचा, आप आगे आइए ना." चाचांनी हात जोडले. "नहीं बेटा. नंबर आने दो." आणि ते शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. नवा कोट मांडीवर घडी करून ठेवलेला. थोड्या वेळाने म्हणाले, "आयुष्यभर तिच्यासाठी मी फोनच करत आलो. शाळेला, कॉलेजला, हॉस्टेलला. आता तिला माझ्या फोनची गरज नाही रे."

"चाचा, तिला तुम्ही समोर बसलेले हवे आहात," मी म्हटलं.

"इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि कोटाची कॉलर तळहाताने सारखी करत राहिले.