मागची सीट निघण्याआधी

"ही मागची सीट जन्मभर तुझी," लग्नाच्या वर्षी मोटारसायकल पुसता पुसता हे म्हणाले होते.

मैत्रिणींनो, आता यांना शर्यतीत उतरायचंय. यांचा एक मित्र खास शर्यतीची गाडी विकतोय. आज सकाळी मी म्हटलं, "तीच घ्या की. आपली राहू दे घरच्या वापराला."

"छे! हिलाच शर्यतीसाठी तयार करतो. हिला जरा खोकला आला तरी मला कळतं."

मी आठ दिवस खोकतेय.

दुपारपर्यंत दिवा आणि साडीगार्ड अंगणात येऊन पडले. सीट उद्या निघणार. लोखंडाचा इतका हेवा वाटेल, असं वाटलं नव्हतं.

पेट्रोल सरावाला लागतं, असंच म्हणतील. तरी चहा देताना विचारणार आहे, "सीट काढायच्या आधी एकदा मला तळ्यापर्यंत फिरवून आणता का?"