परत घेतलेलं कानाचं मशीन

स्पिरिटचा वास आला की नगरच्या त्या हॉस्पिटलातली दुपार आठवते आणि माझं डोकं अजून तापतं. कानाच्या एका नव्या मशीनची चाचणी होती, तिच्यात मी नाव दिलं होतं. ते घातल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की बायको स्वयंपाक करताना गुणगुणते. चाचणी संपली आणि डॉक्टरीणबाईंनी मशीन परत मागितलं. मी जनावरांचा व्यापारी. बाजारात आमचा सौदा टॉवेलखाली बोटं धरून होतो, तसा मी टेबलावर टॉवेल पसरला आणि म्हणालो, "घाला हात, बोला किंमत." त्यांनी खरंच हात घातला, पण माझी बोटं नुसतीच धरून ठेवली. "काका, सरकारची मंजुरी येईपर्यंत हे कुणालाच विकता येत नाही." "मंग मला ऐकायची सवय कशाला लावली?" मी ओरडलो. दारातून बायको म्हणाली, "अवो, चला आता. मी बोलन मोठ्यानं." तेव्हापासून ती माझ्याशी मोठ्यानंच बोलली, गुणगुणणं मात्र मला पुन्हा ऐकू आलं नाही. मंजुरी आली तेव्हा ती राहिली नव्हती. तरी मशीन घेतलं, घासाघीस न करता. घरी येऊन कानात घातलं, तर फ्रिजचा आवाज तेवढा आला.