मार्दोकेओचा शनिवार

मार्दोकेओ अस्सायागच्या पायाला भिंगरी होती. पेरू देशातल्या इकितोसच्या नदीधक्क्यावर कुणालाही विचारा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा हा माणूस जेवतानासुद्धा मांडी हलवायचा. त्याचे आजोबा रबराच्या व्यापाराला तेजी होती त्या दिवसांत मोरोक्कोतल्या तांजिएरहून आले, इथल्याच बाईशी त्यांनी संसार केला आणि इथल्याच मातीत गेले. मागे उरलं ते एक आडनाव, आणि 'आपण ज्यू आहोत' एवढं वाक्य.

मुलगा रुबेन कामासाठी इस्राएलला गेला आणि घर खायला उठलं. मग मार्दोकेओ शुक्रवारी संध्याकाळी डोन्या पेर्लाच्या, म्हणजे पेर्लाबाईंच्या, भाच्याच्या कापडदुकानामागे जमणाऱ्या प्रार्थनेला जाऊ लागला. निवृत्त शिक्षिका असलेली ही पेर्ला सगळ्यांना त्यांच्याच आजोबांची गाणी अगदी पहिल्यापासून शिकवत होती. पण ज्यूपण आईकडून येतं आणि यांच्या आया ज्यू नव्हत्या, म्हणून सगळ्यांना धर्मपंचांसमोर जाऊन, पाण्यात बुडी मारून रीतसर धर्मात यायचं होतं.

"मला कधी बुडवताय?" मार्दोकेओने विचारलं.

"आधी एक शनिवार, आपला विश्रांतीचा दिवस, कामाला हात न लावता गप्प बसून दाखव," पेर्ला म्हणाली. "पाणी सोपं आहे रे."

पहिल्या शनिवारी त्याने सकाळीच दाराची बिजागरी तपासायला घेतली. बायको देल्मिराने हातातला पेचकस काढून घेतला. मग तो 'नुसता बघायला' म्हणून धक्क्यावर गेला. विल्देर कोळ्याचं इंजिन खोकत होतं. मार्दोकेओ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून फळीवर बसला आणि ओरडत राहिला, "नळी काढ! ती नव्हे रे गाढवा, खालची!"

देल्मिराला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "हात बांधलेस आणि तोंड मोकळं सोडलंस! तुझ्या देवाला चालतं का हे?"

पुढचे शनिवार आणखी वाईट गेले. झोपाळ्यात पडलं की पाय आपोआप जमीन शोधायचे. एका दुपारी तो ताडकन उठला.

"मला नाही जमत! काम असलं की डोकं शांत असतं. नसलं की तो पोरगा आठवतो. फोनवर तो विचारतो, 'कसा आहेस, पप्पा?' मी म्हणतो, 'बरा.' पुढे शब्दच नाही सुचत!"

देल्मिरा केळी सोलत होती.

"मी रोज त्याच्या पलंगावरची चादर बदलते," ती म्हणाली.

"रोज? मला कसं नाही दिसलं कधी?"

"तू घरात असतोस कधी?"

तो खाली बसला. ऊन उतरेपर्यंत दोघं रुबेनबद्दल बोलली. लहानपणी तो नदीत वाहून जाता जाता वाचला होता, तेव्हा कुणी कुणावर दोष ढकलला होता, तेही निघालं. थोडं भांडण झालं. पण मार्दोकेओ उठून गेला नाही.

पावसाळा सरल्यावर परदेशातून तीन धर्मपंच आले. त्यांनी मार्दोकेओला प्रेमाने बसवून सांगितलं, नवराबायकोने दोघांनीही धर्मात यायचं, नाहीतर कुणीच नाही.

देल्मिरा रात्रभर तळमळली आणि सकाळी म्हणाली, "शनिवार मी घेतला, मार्दो. डुकराचं मांस सोडलं. पण माझी आई संत सान हुआनचं नाव घेत गेली. तिला मी पाण्यात नाही सोडू शकत."

तो चिडला, दोन दिवस अबोला धरला. पण जबरदस्ती करायला त्याची जीभ रेटली नाही. ठरल्या दिवशी तो तळ्यावर गेला आणि काठावर इतरांचे टॉवेल धरून उभा राहिला. सत्तरीची पेर्ला थरथरत, हसत पाण्याबाहेर आली. तिच्या खांद्यावर टॉवेल टाकताना त्याला तिचा इतका हेवा वाटला की तो लगेच पाठ फिरवून पुढचा टॉवेल झटकू लागला.

नंतर गंमतच झाली. नव्याने ज्यू झालेल्या कुटुंबांना इस्राएलमध्ये राहायचा हक्क मिळाला आणि ती एकामागून एक तिकडे निघाली. पेर्लाच्या भाच्याने दुकान विकलं. प्रार्थनेला जागा उरली नाही.

"माझ्या इंजिनांच्या शेडमध्ये या," मार्दोकेओ म्हणाला.

पेर्लाला अवघडल्यासारखं झालं. "प्रार्थनेला दहा ज्यू लागतात. त्यात तू मोजला जात नाहीस, बाळा."

"नका मोजू. या मात्र."

आता दर शुक्रवारी दुपारी तो इंजिनं भिंतीला सरकवतो, जमिनीवरचं तेल पुसतो. देल्मिरा पाव भाजते आणि गाणी सुरू झाली की दाराशी उभी राहून गुणगुणते. दहा जण क्वचितच भरतात. मार्दोकेओ सारखा रस्त्यावर डोकावतो, परत येतो, पुन्हा जातो. वर्षातून एकदा तो पंचांना फोन करून 'मला एकट्याला घेता का?' हाच प्रश्न विचारतो, आणि तेच उत्तर ऐकतो. मग चारसहा दिवस त्याच्याशी कुणी बोलायला जात नाही.

रुबेनचा फोन आता रविवारी येतो आणि लांबतो. गेल्या खेपेला त्याने विचारलं, "पप्पा, इकडे कधी येतोस?"

"इथल्या शुक्रवारचं कोण बघेल मग?" मार्दोकेओ म्हणाला, आणि त्याने फोन देल्मिराकडे दिला.