भिंगरीने बसवलेलं इंजिन

घरजावयाला घरात दोनच जागा असतात. एक जेवायच्या टेबलाशी, आणि दुसरी जिथे कुणी त्याला शोधायला येत नाही तिथे. भिंगरीची ही दुसरी जागा म्हणजे सासऱ्यांच्या घरामागची पत्र्याची शेड.

भिंगरी हे नाव त्याला आसपासच्या मेकॅनिकांनी ठेवलं होतं. त्यांची इंजिनं खाली-वर होणाऱ्या पिस्टनची, आणि याला वेड गोल फिरणाऱ्या रोटरी इंजिनाचं. त्यात पिस्टन नसतोच. फुगीर तिकोनी रोटर पोकळीत गरगर फिरतो आणि त्याच्या तीन कोपऱ्यांवरच्या बारीक पट्ट्या भिंतीला घासत हवा कोंडून धरतात. पट्टी झिजली की इंजिनाचा दम गेला. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं, हा चिडेल. याने तेच नाव शेडच्या दारावर रंगवून घेतलं.

सासरे घड्याळजी. घराला लागूनच त्यांचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि बोलायचेही तसंच, एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखं. तरुणपणी त्यांनी एक लाल, बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार घेतली होती. बायको गेल्यावर घरात ती गाडी आणि लेक, एवढंच उरलं, आणि त्या दोघींना ते जपत आले. जावई मात्र त्यांना उपरा वाटे. तसं ते कधीच बोलले नाहीत. उलट "जावईबापू, आपण चहा घेतलात का" अशी भाषा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकदाही त्यांनी आवाज चढवला नव्हता. लोकांना त्याचं कौतुक. भिंगरीला मात्र कळायचं, की पाहुण्यावर कुणी ओरडत नाही.

मग गाडीचं इंजिन गेलं. रोटर फिरतो त्या पोकळीची भिंत आतून गंजून खवले सुटले होते आणि तसली भिंत आता कुठेच मिळत नव्हती. भिंगरीने भंगारातून दुसरं रोटरी इंजिन शोधलं, नंतरच्या काळातल्या एका जड गाडीचं, जास्त ताकदीचं. सासऱ्यांनी मान हलवली. आतलं यंत्र बदललं की घड्याळ दुसऱ्याचं होतं, म्हणाले. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगून टाकलं होतं, की हिवाळा आला की गाडीची किल्ली खुंटीला. लेक हट्टाला पेटली. त्याआधी एकदा तरी बाबांनी आपल्याला घेऊन घाट चढायचाच. तेव्हा कुठे सासरे हो म्हणाले. जुनं इंजिन साखळीला लटकून बाहेर आलं त्या दिवशी ते दुकानात खिडकीकडे पाठ करून बसले होते. शेडमध्ये फिरकले नाहीत.

काम सोपं नव्हतं. इंजिनाच्या पायांची भोकं गाडीच्या भोकांशी जुळेनात, सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला अडे. भिंगरीने नवे पाय घडवले, पाइप वाकवून घेतला. एक अडचण मात्र त्याने मुळापासून उपटूनच टाकली. रोटरीच्या पट्ट्यांना पेट्रोलबरोबर जळणारं थोडं तेल लागतं. नव्या इंजिनात ते सोडायला एक पंप होता, आणि तो चाले कॉम्प्युटरच्या हुकमाने. जुन्या गाडीत कॉम्प्युटर कुठला! त्याने पंप काढला, जागेवर पत्र्याचा तुकडा ठोकून भोक बंद केलं आणि निर्धास्त झाला. कारण सासरे पेट्रोल भरलं की टाकीत स्वतःच्या हाताने तेल ओतत. लेकीच्या लहानपणच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण हे त्यांचं माप. जुन्या इंजिनाचा पंप धडधाकट असतानाही ओतत. यंत्रावर विश्वास ठेवणारा घड्याळजी कसला, असं ते म्हणायचे. कुणी नको म्हटलं असतं, तरी त्यांनी ऐकलं नसतं.

पहिल्या टाकीत तेल भिंगरीनेच घातलं होतं. चाचणी झाली, इंजिन गोड चाललं, आणि किल्ली देताना आनंदाच्या भरात तो बोलून गेला, "आता काही काही करायचं नाही, बाबा. नुसतं बसायचं आणि चालवायचं." त्याच्या मनात होतं ते सकाळी चोक ओढणं, इंजिन तापेपर्यंत ताटकळणं. पंपाचं सांगायचं राहिलं.

बाप-लेक सकाळी निघाले. भिंगरी शेड झाडायला लागला. फळीवर त्याला तेलाचा डबा दिसला. हा डबा गाडीच्या डिकीत असायचा, कायम. डब्यावर ते झाकण, साबणाने धुऊन, पुसून, पालथं घातलेलं. ज्या वस्तूची गरज संपली ती माणूस अशी ठेवून देतो. भिंगरीच्या हातातला झाडू गळून पडला.

त्याने बायकोला फोन लावला, तर तो स्वयंपाकघरातच वाजला. गाडीत फोन नको, हा सासऱ्यांचा दंडक. डबा पायांत धरून त्याने स्कूटर हाणली. घाटाच्या पायथ्याच्या पेट्रोलपंपावरचा माणूस ओळखीचा निघाला. टाकी फुल करून गेले, म्हणाला. मी विचारलंसुद्धा, आज तेल नाही का घालायचं? तर हसले. म्हणाले, जावयाने सांगितलंय, गरज नाही.

जन्मात एकदा सासऱ्यांनी त्याचं ऐकलं होतं, आणि नेमकं हेच ऐकलं होतं. वर खडी चढण, नव्या ताकदीचं इंजिन, आणि पट्ट्या कोरड्या. भिंतीला ओरखडा उठला की आटोपलं. दुसरं इंजिन मिळेलही, पण हिवाळ्याआधी? आणि मिळालं तरी किल्ली त्याच्या हातात कोण देणार होतं? प्रत्येक वळणावर तो कान टवकारत होता. ओळखीची घरघर ऐकू येईना. वारा होता, आणि त्याच्याच स्कूटरचा ठणठणाट.

शेवटून दुसऱ्या वळणाशी लाल गाडी कडेला उभी होती. बायको बॉनेटशी, सासरे दगडावर.

"मीच थांबवली," ते म्हणाले. "मागून तेलाचा वास येईना. मग आवाज कोरडा वाटायला लागला. मला वाटलं, नव्या इंजिनाचं असंच असेल."

सबब तयारच होती. नवं इंजिन आहे, होतं असं कधी कधी. बायकोनेही डोळ्यांनी तेच सुचवलं. भिंगरीने डबा खाली ठेवला.

"पंप मी काढून टाकलाय, बाबा. तुम्ही तेल घालणारच, असं धरून चाललो. तुम्हाला सांगितलं नाही."

इंजिनात रोटर दोन, एक पुढे, एक मागे. भिंगरीने पान्याने पुढच्या रोटरचा प्लग काढला आणि बायकोला स्टार्टर मारायला सांगितलं. रोटरला तीन बाजू, म्हणून भोकातून तीन फुत्कार यायला हवेत, सारख्या दमाचे. तिघेही श्वास रोखून ऐकत राहिले. फुस्, फुस्, फुस्. पुन्हा तेच, चोख. मग मागचा रोटर. एक फुस्, आणि पुढचे दोन नुसते उसासे. त्याने पुन्हा मारायला सांगितलं. पुन्हा उसासेच.

"त्या दोन बाजूंमधली पट्टी गेली," भिंगरी म्हणाला. त्याला वर बघवेना. "उघडावं लागेल."

सासरे उठले. गुडघा धरत गाडीपाशी आले, वाकून त्या भोकाला कान लावला, जसा ते घड्याळाला लावत. मग सरळ झाले आणि घाटात घुमेल असे ओरडले.

"गाढवा! इंजिनातली एवढी वस्तू काढतोस आणि घरात सांगत नाहीस? अक्कल काय गहाण ठेवलीस?"

बायको दचकली. बाबांना ओरडताना तिने फक्त स्वतःवरच ऐकलं होतं, तेही लहानपणी. भिंगरी खाली मान घालून उभा राहिला. कान तापले होते. आणि तरी, कितीतरी वर्षांनी, त्याला मोकळा श्वास घेता आला.

"चुकलं, बाबा."

"चुकलंच. आता ओत तेल."

त्याने झाकण भरभरून टाकीत तेल ओतलं. ते पेट्रोलमध्ये मिसळावं म्हणून तिघांनी दोन बाजूंनी धरून गाडी झुलवली. सासऱ्यांना दम लागला, पण हात काढेनात. उताराने हळूहळू घरापर्यंत जाईल, असं भिंगरी म्हणाला. सासरे चालकाच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि किल्ली त्याच्यापुढे धरली.

"तू चालव. मी शेजारी बसून ऐकतो. पोर स्कूटर आणेल." आत बसताना ते पुटपुटले, "आणि उद्या इंजिन उघडशील ना, तेव्हा मला हाक मार. या वेळी मी समोर बसणार आहे."