पोटाशी धरलेली पर्स

बद्धकोष्ठ आणि पोटदुखीवर गोळी सुरू होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पोट साफ होतंय, पण ते अर्धंच काम. दुखणं कमी झालं का? नसेल तर गोळी बदलू.” मला नक्की सांगता येईना. रोजच्या दुखण्याकडे किती लक्ष देणार?

त्याच आठवड्यात एसटीनं कन्नडला बहिणीकडे गेले. फुलंब्रीनंतर पेंग आली. कपाशीची पांढरी शेतं, उन्हाचे पट्टे, पुढच्या बाकावरच्या बाळाचे डोळे, सगळं पाण्यातून दिसावं तसं तरंगत गेलं.

उतरताच बहीण हसली, “दरवेळी पर्स पोटाशी दाबून उतरतेस. आज सोनं संपलं का गं?”

पर्स खांद्यावर लटकत होती; दुखरं पोट दाबून धरायची आज गरजच पडली नव्हती. डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं, ते मला तिथंच कळलं.